आद्याक्षरांची भाऊबंदकी

आमच्या पनवेलच्या प्राध्यापक-कक्षात दोन सहकारी गेली कित्येक वर्षे समोरासमोर बसतात. एक साताऱ्याचे, दुसरे पंढरपूरचे. साताऱ्याच्या सरांच्या दोन्ही पदव्या शिवाजी विद्यापीठाच्या. पंढरपूरच्या सरांचा मामला थोडा गुंतागुंतीचा. २००४ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यापुरते वेगळे विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे २००३ साली त्यांनी घेतलेली बी.ए. शिवाजी विद्यापीठाची आणि त्यानंतरची एम.ए. सोलापूर विद्यापीठाची. इंग्रजी अर्जात मात्र दोन्ही रकान्यांत ते 'एस. यू.' लिहीत आले. साताऱ्याच्या सरांनी त्यांना डिवचायचे, "तुमचे विद्यापीठ म्हणजे आमच्यातून वेगळा निघालेला संसार," आणि त्यांनी उत्तर द्यायचे, "वेगळे निघालो म्हणून तर आमची चूल आमच्या हाताने पेटली." हा वाद दर युवा महोत्सवाला आणि दर निकालाला नव्याने रंगतो आणि चहाबरोबर संपतो.

मध्यंतरी कोणत्याशा कार्यालयातून पंढरपूरच्या सरांना फोन आला. दोन्ही पदव्यांपुढे एकच विद्यापीठ कसे, असे पलीकडची व्यक्ती विचारत होती; आणि एकच असेल तर एकाच्या जागी दोन पत्ते का दिले आहेत? सर शांतपणे म्हणाले, "मराठीत विचारा, म्हणजे उत्तर प्रश्नातच मिळेल."

हे उत्तर वाटते तितके साधे नाही. शिवाजी आणि सोलापूर ही दोन नावे रोमन लिपीत आखडली की दोन्ही ठिकाणी एकच 'एस' उरतो. देवनागरीत ती आखडली तर एकीकडे 'शि. वि.' उरते आणि दुसरीकडे 'सो. वि.'. कोणाचाही घोटाळा होण्याचे कारण नाही. मुंबई आणि मद्रास ही दोन्ही विद्यापीठे १८५७ सालची. १९१६ साली त्यांत म्हैसूरची भर पडली. इंग्रजीत तिघांचीही आद्याक्षरे 'एम. यू.'. मराठीत 'मुं.', 'म.' आणि 'म्है.'. आपले अक्षर स्वरासकट येते. रोमन आद्याक्षर बहुधा सुटे व्यंजन असते. त्यात ना उच्चार असतो, ना ओळख. म्हणजे समान आद्याक्षरांच्या विद्यापीठांची जी गंमतीदार भाऊबंदकी आपण चालवतो, तिचे मूळ विद्यापीठांत नाही, ते आपण उसन्या आणलेल्या आखडण्याच्या पद्धतीत आहे.

असली भाऊबंदकी जगात इतरत्रही आहे आणि तिचा राग येण्याचे कारण नाही. अमेरिकेत ओहायो, ओक्लाहोमा आणि ऑरेगन या तीन राज्यांची राज्य-विद्यापीठे 'ओ. एस. यू.' म्हणवतात. त्यांपैकी ओहायोवाल्यांनी आपल्या नावामागचे 'द' हे इंग्रजी उपपद इतके मनावर घेतले की २०२२ साली कपड्यांवर छापण्यासाठी त्या तीन अक्षरी शब्दाचे व्यापारचिन्ह मिळवले. आपल्याकडे बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि तिरुनेलवेलीचे मनोन्मणियम् सुंदरनार विद्यापीठ ही दोन्ही 'एम. एस. यू.' आहेत. एकाच्या नावात राजा आहे, दुसऱ्याच्या नावात एक नाटककार आणि त्याचे नाटक दोन्ही आहेत. तीन अक्षरांत दोघांचीही सारखीच राख झाली आहे. सयाजीरावांसारखा मराठी माणसाला अभिमान वाटावा असा राज्यकर्ता बडोद्याच्या विद्यार्थ्याच्या तोंडी 'एम. एस.' एवढाच उरावा, ही गोष्ट गंमतीच्या पलीकडची आहे. आणि आज लिहायला बसलो आहे ते याच पलीकडच्या गोष्टीविषयी.

कारण ही भाऊबंदकी आता आमच्या पनवेलच्या दारात आली आहे. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघाले की प्रबळगडाच्या बाजूला वळण्याआधी शेडुंग लागते. तेथे २०१८ साली स्थापन झालेले एक खासगी विद्यापीठ आहे. त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ. इंग्रजी आद्याक्षरे 'सी. एस. एम. यू.'. दुसरीकडे २०२५ च्या मार्च महिन्यात कोल्हापुरात मोर्चा निघाला. शिवाजी विद्यापीठ या नावात महाराजांचा एकेरी उल्लेख होतो, सबब नामविस्तार करून ते 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' करावे, ही त्याची मागणी. कोल्हापुरातूनच तिला विरोधही झाला. या मागणीने जे घडेल त्याचा हिशेब पनवेलच्या माणसाला चटकन करता येतो. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, डॉ. आप्पासाहेब पवारांसारखा इतिहासकार ज्याचा पहिला कुलगुरू होता, ते विद्यापीठ आमच्या शेडुंगच्या विद्यापीठाचे नामेकरून जुळे भावंड होईल. दोघांचे पूर्ण नाव एक, आद्याक्षरे एक. फरक दाखवायला कारकुनाने कंसात टाकलेले गावाचे नाव तेवढे शिल्लक राहील.

शेडुंगच्या विद्यापीठाशी माझे काही भांडण नाही. त्याने आपल्या नावाला जागावे आणि मोठे व्हावे. माझा आक्षेप आहे तो लांबीला आदर समजणाऱ्या विचाराला.

मागणी करणाऱ्यांची भावना खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्या माणसाने महाराजांचे नाव घेताना नकळत हात जोडले आहेत, त्याला 'शिवाजी' एवढाच शब्द पाटीवर वाचून टोचत असेल तर त्याची थट्टा करणे हा शहाणपणा नव्हे. पण भावना खरी असली म्हणून तिने काढलेला व्याकरणाचा निष्कर्ष खरा ठरत नाही. आणि मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने निदान एवढे तरी सांगितलेच पाहिजे.

मराठीत एकेरी आणि आदरार्थी हा भेद मुख्यतः क्रियापदात आणि सर्वनामात असतो. 'शिवाजी आला' हे एकेरी, 'शिवाजी महाराज आले' हे आदरार्थी. 'शिवाजी विद्यापीठ' या नावात क्रियापद नाही आणि सर्वनामही नाही. तो एक सामासिक शब्द आहे, आणि तोही मध्यमपदलोपी समास. साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. 'घालून केलेला' ही मधली पदे आपण गाळतो, म्हणून काही साखर वेगळी आणि भात वेगळा होत नाही. त्याच रीतीने 'शिवाजी विद्यापीठ' म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धारण करणारे विद्यापीठ. 'छत्रपती', 'महाराज', 'नाव धारण करणारे' ही सारी पदे त्या समासात आहेत. ती लोपली आहेत, नाहीशी झालेली नाहीत. गांधी टोपी म्हणताना महात्म्याचा, टिळक पुतळा म्हणताना लोकमान्याचा आणि आंबेडकर जयंती म्हणताना बाबासाहेबांचा एकेरी उल्लेख झाला असे कोणाला वाटत नाही. आठवीच्या पुस्तकातले समासाचे पान उघडले असते तरी मोर्चाची एक घोषणा कमी झाली असती.

आणि एकेरी म्हणजे अपमान, हे तरी कोठून आले? आमचे पंढरपूरचे सर विठ्ठलाला 'तू' म्हणतात. विठोबा विटेवर 'उभा' असतो, 'उभे' नसतात. आईला अरेतुरे करणारी ही भाषा. जो सर्वांत जवळचा आणि जो सर्वांत थोर, त्या दोघांनाही मराठी माणूस एकाच पंक्तीला बसवतो, कारण अंतर राखण्याची गरज फक्त मधल्या माणसांशी असते. गोविंद पानसरे यांच्या पुस्तकाच्या नावातच 'शिवाजी कोण होता?' असा एकेरी प्रश्न आहे. पुस्तक मात्र सबंध महाराष्ट्राने आदराने वाचले. केळुसकरांनी लिहिलेल्या चरित्राच्या शीर्षकात 'क्षत्रियकुलावतंस' आहे, 'छत्रपती' आहे, 'महाराज' आहे. अभ्यासकांच्या बोलण्यात ते 'केळुसकरांचे शिवचरित्र' असते. त्या 'शिव' या दोन अक्षरांत कोणाला न्यून दिसले आहे काय?

आता दुसऱ्या बाजूने पाहू. नाव लांबवले की काय होते, याचा अंदाज बांधण्याची गरज नाही. पुरावा पनवेलच्या फलाटावर उभा आहे. हार्बर मार्गाने मुंबईला जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या स्थानकाला १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' आले. गाडीच्या दारात लोंबकळणारा माणूस पूर्वी 'व्हीटी' म्हणे, मग 'सीएसटी' म्हणू लागला, आता 'सीएसएमटी' म्हणतो. आदराची भर पडली ती एका 'एम'ची. तो 'एम' महाराजांचा आहे की मुंबईचा, हे एखाद्या नवख्याला विचारून पाहावे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. वर्तमानपत्राच्या मथळ्यात पाहता पाहता ते 'छ. संभाजीनगर' झाले. लांब नावातला पहिला बळी नेहमी आदराचाच जातो, कारण जागा कमी पडली की कारकून, मथळेकार आणि पाटी रंगवणारा सर्वांत आधी उपाधीलाच कात्री लावतात. आदर वाढवायला म्हणून जोडलेला शब्द एका टिंबावर येऊन थांबतो.

विद्यापीठांची गत तर अधिक करुण आहे. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. विद्यार्थी 'एसपीपीयू' म्हणतात. सोलापूरला २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. त्याची इंग्रजी आद्याक्षरे उच्चारायला पंढरपूरच्या सरांना अजून जमत नाहीत. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले आणि त्याची आद्याक्षरे एका दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेशी जुळली. जिला लिहिता-वाचता येत नव्हते, जिची कविता तोंडातून तोंडात गेली, तिच्या नावाची आपण नुसती अक्षरे केली. यापेक्षा कठोर विनोद शत्रूलाही सुचला नसता. उत्तरेत कानपूरच्या विद्यापीठाला १९९७ पासून आमच्या कोल्हापूरच्या शाहूराजांचे नाव आहे. त्याचीही आद्याक्षरे 'सी' आणि 'एस'पासूनच सुरू होतात. म्हणजे कोल्हापूरचे नाव बदलले तर या अक्षरांच्या गर्दीत आजोबा-पणजोबा कोण आणि नातू-पणतू कोण, याचाही पत्ता लागायचा नाही.

शिवाजी विद्यापीठाचे नाव १९६२ साली आटोपशीर ठेवले गेले ते बडोद्याचे 'एम. एस.' डोळ्यांसमोर ठेवून, असे कोल्हापुरात सांगितले जाते. ते शब्दशः तसे असो वा नसो, परिणाम आपल्यापुढे आहे. साठ वर्षांहून अधिक काळ सातारा, सांगली, कोल्हापूरचा विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचे नाव घेतो तेव्हा प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून महाराजांचे नाव निघते. महाराष्ट्रात थोर व्यक्तीचे नाव धारण करणारी विद्यापीठे पुष्कळ आहेत. पण ज्याचे नाव लोक रोज पूर्ण उच्चारतात असे विद्यापीठ शोधू गेलो तर माझ्यापुढे आधी कोल्हापूरचेच येते. हे भाग्य त्याच्या लहान नावाचे आहे. ते घालवण्यासाठी मोर्चा काढणे म्हणजे घरात तेवत असलेला दिवा मोठा करण्यासाठी फुंकर घालणे होय.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. 'मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तारालाही तुम्ही हेच म्हणाल काय?' नाही. तेथली गोष्ट मुळातच वेगळी होती. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने बाबासाहेबांच्या नावाचा ठराव केला आणि प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या काळात घरे जळली, पोचिराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. तो लढा नाव लांब करण्याचा नव्हता. जे नाव तेथे नव्हतेच आणि येऊ दिले जात नव्हते, ते नाव तेथे आणण्याचा होता. कोल्हापुरात नाव आधीच आहे, पहिले आहे आणि एकटे आहे. या दोन मागण्यांना एकाच तराजूत घालणे हा नामांतराच्या लढ्याचा अपमान आहे. तरीही एक सल उरतोच. ज्या नावासाठी माणसे मेली, त्याचा आमच्या परिपत्रकांत 'बामु' होतो. आणि आमच्याच रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे बाबासाहेबांच्याच नावाचे जे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्याचा 'बाटू' होतो. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापुढे नतमस्तक व्हायला येणारी माणसे 'बामु'ला नमस्कार करीत नाहीत. पूर्ण नाव त्यांनी सांभाळले आहे. ते गमावले आहे ते आम्ही, आतल्या पगारी माणसांनी.

कोणी म्हणेल, मराठी माणसाला आद्याक्षरांचे एवढे वावडे कधीपासून? आम्ही तर पु. ल. म्हणतो, जी. ए. म्हणतो, गदिमा म्हणतो. खरे आहे. आमच्या पनवेल-उरणच्या मातीत तर दोन अक्षरांचा एक मंत्रच आहे: दि. बा. १९८४ साली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध ज्यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उभा राहिला आणि गोळीबारात पाच माणसे गेली, त्या दि. बा. पाटलांना येथे पूर्ण नावाने कोणी ओळखत नाही. २०२१ साली विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून याच माणसांनी मानवी साखळी केली, तेव्हा गर्दीच्या तोंडी 'दि. बा.'च होते. पण ही आद्याक्षरे आणि ती आद्याक्षरे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 'दि. बा.' ही लोकांनी प्रेमाने घडवलेली हाक आहे, देवनागरीतली आहे, स्वरासकट आहे, आणि ती ऐकल्यावर एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. 'सी. एस. एम. यू.' हा रकान्यात मावावा म्हणून केलेला संक्षेप आहे. तो ऐकल्यावर कोणीही डोळ्यांपुढे येत नाही. मायेने लहान केलेले नाव वाढत जाते. सोयीसाठी लहान केलेले नाव पुसत जाते. पनवेलमध्ये विठोबा खंडाप्पा यांच्या नावाची शाळा 'व्ही. के.' आणि चांगू काना ठाकूर यांच्या नावाचे महाविद्यालय 'सीकेटी' म्हणून ओळखले जाते. तेथे शिकलेल्या किती मुलांना ही माणसे कोण होती हे सांगता येईल, हा प्रश्न मी वर्गात विचारत नाही, कारण उत्तर मला सोसणार नाही.

मग समान नावांच्या विद्यापीठांनी स्पर्धा करूच नये काय? अवश्य करावी. पण ती पाटीच्या लांबीची नसावी. महाराजांनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबाराच्या भाषेत फारसी शब्दांची जी दाटी झाली होती, तिला पर्यायी शब्द देणारा हा कोश. शब्दाच्या स्वत्वाची इतकी चाड असलेल्या राजाच्या नावाचे विद्यापीठ आपली ओळख चार रोमन अक्षरांत देत असेल, तर त्याने आधी तिथे लक्ष घालावे. कोल्हापूर आणि शेडुंग या दोघांनी पैज लावायची असेल तर अशी लावावी: कोणाच्या गुणपत्रिकेवर, कोणाच्या फलकावर, कोणाच्या संकेतस्थळावर नाव देवनागरीत आणि पूर्ण असते? कोणाचा विद्यार्थी मोडी वाचतो? पुरंदरच्या तहात १६६५ साली जे किल्ले मोगलांकडे गेले त्यांत आमच्या परिसरातला कर्नाळा आहे. महामार्गावरून त्याचा सुळका रोज हजारो माणसे पाहतात आणि पुढे जातात. त्या किल्ल्याच्या पाण्याच्या टाक्यांची आणि पायथ्याच्या गावांतील जुन्या कागदांची नीट नोंद शेडुंगचे विद्यापीठ आधी करते की कोल्हापूरचे इतिहासाचे विद्यार्थी येऊन आधी करतात, ही चुरस मला पाहायला आवडेल. अशा चुरशीत कोणी हरले तरी महाराजांचे नाव जिंकेल.

शासनाकडे मागायचे असेल तर एवढेच मागावे की मराठी कागदावर विद्यापीठाचे नाव आखडायचे झाल्यास ते मराठी अक्षरांनी आखडावे. त्याला कायदा लागत नाही, मोर्चा लागत नाही, नवी पाटी लागत नाही. आणि शिवाजी विद्यापीठाला शिवाजी विद्यापीठच राहू द्यावे.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी दोन्ही सरांना त्यांचे मत विचारले. पंढरपूरचे सर म्हणाले, "आमच्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचे नाव मिळाले याचा आनंद आहे, ते पूर्ण घेतले जात नाही याचे दुःख आहे." साताऱ्याच्या सरांनी पहिल्यांदाच डिवचण्याची संधी सोडली. ते म्हणाले, "आमचे अजून पूर्ण घेतले जाते. तेवढे राहू दे म्हणावे." त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले.